सूर कुणाचे, नाव कुणाचे?

(द्वितीय वर्ष कला)

१९७७ साली पडद्यावर आलेल्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटातले ते गाणे ऐकले नाही असा माणूस आपल्या हरसूल पंचक्रोशीत शोधूनही सापडणार नाही. ईस्टरचा समारंभ, भलेमोठे अंडे, त्या अंड्यातून बाहेर येणारा सुटाबुटातला अमिताभ बच्चन आणि त्याने ऐटीत सांगितलेले आपले नाव! वरातीत आजही ते गाणे लागले की म्हातारेकोतारेसुद्धा पाय हलवतात. पण त्या नावाचा एक खराखुरा माणूस होता, तो मोठा संगीतकार होता, आणि ज्यांनी त्या गाण्याला चाल लावली त्यांपैकी एकाचा तो गुरू होता, हे नाचणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक असते?

अँथनी गोन्साल्विस हे त्यांचे नाव. चित्रपटात ते नाव गाजले आणि माणूस मात्र बाजूलाच राहिला. वार्षिक अंकासाठी काहीतरी लिहावे असे ठरले तेव्हा याच माणसाविषयी लिहावे असे मला वाटले. कारण त्यांच्या आयुष्यात जो प्रश्न आहे तोच प्रश्न आज आपल्या पाड्यापाड्यांत उभा आहे. देवाच्या दारी शिकलेले सूर सगळ्यांच्या अंगणात आले, तर ते कुणाचे म्हणायचे? आणि ते वाजवणाऱ्याचे नाव कुणी घ्यायचे?

गोन्साल्विस यांचा जन्म १९२७ सालचा. गाव मजोर्डा, दक्षिण गोव्यातल्या सासष्टी तालुक्यातले. गोवा तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. तो स्वतंत्र झाला १९६१ साली. अँथनींचे वडील गावच्या चर्चमध्ये गायकवृंदाचे प्रमुख होते. अशा माणसाला तिकडे ‘मेस्त्री’ म्हणत. आपल्याकडे मेस्त्री म्हटले की सुतार किंवा गवंडी डोळ्यांपुढे येतो; गोव्यात तो सुरांचा कारागीर होता. चर्चला जोडलेल्या शाळेत हा मेस्त्री गावातल्या मुलांना स्वरलिपी वाचायला, गायला आणि व्हायोलिन धरायला शिकवी. सोळाव्या शतकापासून मिशनऱ्यांनी गोव्यात ही पद्धत रुजवली. तिचा हेतू सरळ होता. रविवारच्या उपासनेला आणि सणावाराला गाणारे, वाजवणारे हवेत. धर्मप्रसार हाच त्यामागचा उद्देश होता हे लपवण्याचे कारण नाही.

पण हेतू एक असतो आणि फळ दुसरेच येते. पिढ्यानुपिढ्या ही शाळा चालली आणि गोव्याच्या खेड्यांत असे शेकडो तरुण तयार झाले, की ज्यांच्यापुढे सुरांचा कागद ठेवला तर ते तो वर्तमानपत्रासारखा वाचून वाजवत. श्रीमंताची मुले तेवढीच शिकली असे नाही. शेतकऱ्याची, सुताराचीही मुले शिकली. गावात रोजगार नव्हता. तेव्हा हे तरुण मुंबईची वाट धरू लागले. कोणी हॉटेलातल्या बँडमध्ये शिरले, कोणी मूकपटांच्या काळात पडद्यापुढे बसून वाजवू लागले, आणि बोलपट आल्यावर त्यांतले पुष्कळजण ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत गेले. अँथनी गोन्साल्विस १९४३ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी मुंबईत आले आणि नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागले.

त्या काळी चित्रपटाचे गाणे कसे तयार होई हे थोडे समजून घेतले पाहिजे. संगीत दिग्दर्शक पेटीवर चाल बांधी. पण एक चाल म्हणजे काही पूर्ण गाणे नव्हे. गाण्याआधी काय वाजावे, दोन कडव्यांच्या मधल्या जागेत काय यावे, वीस व्हायोलिने एकाच वेळी कोणता सूर धरतील, त्यांच्या खाली चेलो काय बोलेल, बासरी कुठे शिरेल आणि ट्रम्पेट कुठे थांबेल, हे सगळे कुणीतरी कागदावर उतरवून प्रत्येक वादकापुढे ठेवावे लागे. हे काम करणारा तो संगीत संयोजक. आपल्या रागसंगीताची वाट एका सुरामागून दुसरा सूर अशी जाते. पाश्चात्त्य संगीतात अनेक सूर एकाच वेळी उभे राहतात. या दोन्ही वाटांची सांगड घालणे हे अवघड काम, आणि ते ज्यांना साधले त्यांत गोव्याचे ख्रिस्ती संगीतकार पुढे होते. शंकर-जयकिशन यांच्याकडे सेबॅस्टियन डिसोझा होते. आपल्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांच्याबरोबर चिक चॉकलेट या नावाने ओळखले जाणारे ट्रम्पेटवादक होते. १९५१ च्या ‘अलबेला’त ते आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतात. पुणतांब्याचा मराठी माणूस आणि गोव्याचा ख्रिस्ती वादक यांनी मिळून जे केले ते साऱ्या देशाने गुणगुणले. ते गुणगुणताना कुणी कुणाचा धर्म विचारला नाही.

मात्र नावही विचारले नाही! चित्रपट सुरू होताना संगीत दिग्दर्शकाचे नाव मोठ्या अक्षरांत येई. संयोजकाचे नाव आलेच तर ‘सहाय्यक’ म्हणून, बारीक अक्षरांत. आणि वादकांची नावे बहुधा नसतच. दिवसाची मजुरी घेऊन ते घरी जात. थोडक्यात, त्यांचे हात घेतले गेले, नाव मात्र घेतले गेले नाही.

गोन्साल्विस यांना नुसते मजुरीवर समाधान नव्हते. वांद्र्याच्या आपल्या घरी ते मुलांना शिकवत. त्या विद्यार्थ्यांत पुढे लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन होते. भारतीय रागांचा त्यांनी कसून अभ्यास केला. राग आपला, वाद्यवृंद पाश्चात्त्य, आणि रचना दोन्ही अंगांनी पक्की, असे काही करून दाखवावे हा त्यांचा ध्यास. १९५८ साली त्यांनी स्वतःचा मोठा वाद्यवृंद उभा केला. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या चौकात शंभरावर वादक बसले आणि त्यांच्या रचना वाजल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. चर्चच्या शाळेत सूर वाचायला शिकलेला मजोर्ड्याचा मुलगा सारंग आणि तोडी या रागांना व्हायोलिनच्या मोठ्या मैफलीत बसवतो, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. यात कोणी कोणाला बाटवले नाही आणि कोणी कोणाची चोरीही केली नाही. दोन विहिरींचे पाणी एका पाटात आले, इतकेच.

परंतु तो पाट फार दिवस वाहिला नाही. १९६५ साली ते अमेरिकेतल्या सिरॅक्यूज विद्यापीठाकडे गेले. पुढे परत येऊन मजोर्ड्यालाच राहिले. चित्रपटांच्या झगमगाटात पुन्हा शिरले नाहीत. १९७७ साली प्यारेलाल यांनी आपल्या गुरूला वंदन म्हणून त्या गाण्यात त्यांचे नाव आणले. शिष्याच्या मनात कृतज्ञता होती, ती खरीच. पण लोकांना ते नाव एका विनोदी दारूवाल्या पात्राचे वाटले. १८ जानेवारी २०१२ रोजी गोन्साल्विस वारले. चित्रपट समीक्षक अशोक राणे यांनी त्यांच्यावर एक माहितीपट केला आहे. एका मराठी माणसाने ते काम केले याचा मला आनंद वाटतो.

आता काहीजण म्हणतील, गोन्साल्विस यांना ‘ख्रिस्ती संगीतकार’ म्हणण्यात अर्थ काय? त्यांनी तर सिनेमाला वाजवले, रागांवर रचना केल्या. ते नुसते संगीतकार होते. माझे म्हणणे असे की, ते दोन्ही होते आणि त्यांना त्यात अडचण नव्हती. अडचण होते ती भोवतालच्यांना. जगभर हेच दिसते. बाख हा जर्मन संगीतकार १७२३ पासून १७५० साली मरेपर्यंत लाइपझिगच्या चर्चचा नोकर होता; आज त्याचे संगीत देवाला न मानणारेही कान टवकारून ऐकतात. अमेरिकेत सॅम कुक नावाचा एक काळा गायक भक्तिगीते गाणाऱ्या मंडळीत होता. त्याला साधे प्रेमगीत गावेसे वाटले तर त्याने पहिल्यांदा ते डेल कुक अशा दुसऱ्याच नावाने काढले. देवळातले लोक रागावतील म्हणून! १९५७ साली त्याने ती मंडळी सोडली आणि स्वतःच्या नावाने साऱ्या देशाचा आवडता झाला. त्याच देशात पुढे ‘समकालीन ख्रिस्ती संगीत’ असा बाजारात वेगळा कप्पाच पडला. १९९१ साली त्या कप्प्यातली एमी ग्रँट सर्वसाधारण गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर आली, तेव्हा तिच्यावर प्रेम करणारेच काही श्रद्धाळू कुरकुरले की या गाण्यात येशू कुठे आहे? म्हणजे बाहेरचे म्हणतात हा देवळातला, आणि देवळातले म्हणतात हा बाहेरचा झाला. मधल्या मधे कलावंताने जायचे कुठे?

आपल्या मराठी मुलखाचा अनुभव याहून शहाणपणाचा आहे आणि तो आपण विसरू नये. फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मोपदेशकाचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले ते मराठी ओवीत, म्हणजे ज्या छंदात आपल्या आज्या दळण दळत त्याच छंदात. एकोणिसाव्या शतकात नगरकडच्या कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ताची कथा कीर्तनाच्या साच्यात बसवली. टाळ तोच, रंग तोच, आख्यान निराळे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे उदाहरण तर आपल्या अगदी जवळचे. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले, पण परदेशी चालींवर ओढूनताणून बसवलेली गीते मराठी माणसाच्या गळी उतरत नाहीत हे त्यांनी ओळखले आणि अभंग, भजन व कीर्तन ही वाट धरली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचे ‘स्मृतिचित्रे’ मराठी घेणाऱ्या विद्यार्थ्यांना माहीत आहेच. त्या जन्मल्या नाशिकजवळच्या जलालपूरला. आपण ज्या गोदावरीकाठी बाजाराला, दवाखान्याला जातो तिथल्याच त्या. टिळकांनी सुरू केलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांच्या मागे लक्ष्मीबाईंनी पुरे केले. गोन्साल्विस चर्चमधले सूर घेऊन बाहेर आले. टिळक बाहेरचे सूर घेऊन चर्चमध्ये गेले. दार मात्र एकच, आणि ते दोन्हीकडे उघडते. ज्या दाराने टिळकांचा अभंग आत गेला त्याच दाराने गोन्साल्विसांचे व्हायोलिन बाहेर आले, हे लक्षात ठेवले म्हणजे कुणालाच ते दार बंद करण्याचा हक्क उरत नाही.

येथवर मी पुस्तकी बोलले. आता आपल्या हरसूलकडे येते.

आपला हा डोंगरी मुलूख. एका अंगाला वाघेऱ्याचा घाट, दुसऱ्या अंगाला गुजरातची हद्द. कोकणा, वारली, महादेव कोळी अशी आपली वस्ती. आपल्याकडे वाद्यांची कमतरता कधीच नव्हती. दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि मेण एवढ्यावर उभी राहणारी पावरी आणि तारपा. श्वास न तोडता तासन्‌तास वाजवायचे हे काही सोपे काम नाही. काशाच्या थाळीला मेणाने काडी चिकटवून तिच्यावरून बोटे ओढीत रात्रभर कथा सांगणारे थाळकरी. बोहाड्यात सांबळ आणि सनई लागली की मुखवट्यांत देव उतरतात. ही आपली शाळा होती. तिला ना फळा, ना हजेरी. बापाने वाजवायचे, मुलाने बघायचे.

ही शाळा आज बंद पडत चालली आहे, आणि तिला दोन्ही बाजूंनी कुलूप लागते आहे. माझे मोठे काका पावरी वाजवत. आसपासच्या पाड्यांतून त्यांना बोलावणे येई. त्यांच्या घरात प्रार्थना सुरू झाली तेव्हा कुणीतरी त्यांना सांगितले की, हे वाद्य जुन्या देवाचे आहे, ते आता चालणार नाही. पावरी आढ्याला टांगली गेली ती आजही तिथेच आहे. दुसरीकडे, त्याच घरातला माझा चुलतभाऊ प्रार्थनेत कीबोर्ड शिकला. त्याचा हात इतका गोड आहे की एकदा ऐकलेली चाल तो लगेच उचलतो. मागे आमच्या पाड्यावर एक लग्न होते. ठरवलेला वाजवणारा आला नाही. कोणी त्याचे नाव सुचवले, तेव्हा उत्तर मिळाले, ‘तो त्यांच्यातला.’ शेवटी मोबाईल लावून डब्यावर गाणी वाजवली! एकाच घरातले दोन कलावंत. एकाला आतल्यांनी गप्प केले, दुसऱ्याला बाहेरच्यांनी. ज्यांनी हे केले त्यांची नावे लिहिण्याचे कारण नाही, कारण ती आपल्यातलीच माणसे आहेत आणि वाईट माणसे नाहीत. पण त्यांनी केले ते वाईटच.

कोणी कोणत्या देवापुढे हात जोडावेत हा या लेखाचा विषय नाही. तो ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न आहे आणि राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाने तो ज्याच्या त्याच्याकडेच ठेवला आहे. मी एवढेच म्हणते की, वाद्याला धर्म नसतो. पावरी प्रार्थनेत वाजली तर आकाश कोसळणार नाही. ओवी जर ख्रिस्ताची कथा सांगू शकते तर पावरीने काय पाप केले? आणि प्रार्थनेत शिकलेली बोटे लग्नात वाजली तर नवरानवरीचा संसार मोडणार नाही. मजोर्ड्याच्या चर्चमध्ये शिकलेल्या बोटांवर देश सत्तर-ऐंशी वर्षे नाचतो आहे, त्याने कुणाचा धर्म बुडाला?

आणखी एक गोष्ट मी मुलगी म्हणून लिहिते. काकांच्या पावरीला मला कधी हात लावू दिला नाही. ते पुरुषांचे वाद्य. मात्र प्रार्थनेत मुलींनाही कीबोर्डवर बसवतात. हे पाहिल्यावर माझ्या मनात आले की, आपली परंपरा आपली आहे एवढ्याने ती पुरेशी होत नाही. तिने सगळ्यांना शिकवले पाहिजे. आणि प्रार्थनामंदिर सगळ्यांना शिकवते एवढ्याने तेही पुरेसे होत नाही. त्याने जुने विसरायला सांगू नये. दोघांनीही थोडे सरकले पाहिजे.

आपले काही वडीलधारे विचारतील, पोरी, पाण्याला तीन कोस चालावे लागते, भात कापून झाला की घरेच्या घरे कुलूप लावून मजुरीला जातात, तिथे तुझ्या संगीताचे काय घेऊन बसलीस? हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. गिरणाऱ्याच्या नाक्यावर पहाटे द्राक्षबागेच्या मजुरीसाठी उभ्या राहणाऱ्या गर्दीत माझ्या घरची माणसे उभी राहिली आहेत. त्यांच्याच मजुरीवर मी या वर्गात बसले आहे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. पण गोव्याचे ते वादक मुंबईला हौसेने गेले होते काय? तेही पोटासाठीच गेले. फरक इतकाच की त्यांच्या हातात एक विद्या होती, आणि ती गावातच, जवळजवळ फुकट मिळालेली होती. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाला दिवसाचा भाव दुसरा कोणी ठरवतो. विद्या असलेल्या माणसाला निदान ‘नाही’ म्हणता येते. आज लग्नाचा बँड, शाळेचा संगीत शिक्षक, ध्वनिमुद्रण, आकाशवाणी या साऱ्यांना सूर वाचणारी माणसे लागतात. आपल्या मुलांकडे कान आहे, श्वास आहे, ताल तर जन्मापासून आहे. नाही ती लिपी.

आणि लिपी नसल्यामुळे दुसरेही नुकसान होते. आपल्या पाड्यावरची चाल कोणीतरी मोबाईलवर मुद्रित करतो, तिच्यावर ठोका चढवतो, यूट्यूबवर टाकतो, आणि खाली लिहितो ‘पारंपरिक’. पारंपरिक म्हणजे कुणाचेच नाही, असा त्याचा सोयीचा अर्थ. ज्या म्हाताऱ्याने ती चाल फुंकली त्याचे नाव, गाव काहीच नाही. गोन्साल्विस यांना जे सोसावे लागले ते यापेक्षा निराळे काय होते? त्यांच्या वेळी निदान त्यांनी लिहिलेले कागद होते. आपल्याकडे कागदही नाही.

नाव मिळत नाही असे नाही. पण किती उशिरा! शेजारच्या जव्हार तालुक्यातल्या वाळवंडे गावचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा ते नव्वदीच्या घरात होते. आयुष्यभर भोपळे वाळवून तारपे करणाऱ्या माणसाचे नाव दिल्लीने घेतले, हा आपल्या सगळ्यांचा मान. पण सन्मान होण्यासाठी कलावंताने नव्वदीपर्यंत जगावे अशी अट असू नये. काकांची पावरी आढ्याला आहे आणि त्यांचा दमा वाढत चालला आहे. त्यांना वाट पाहायला वेळ नाही.

मग करायचे काय? नुसती हळहळ लिहून अंकाची पाने भरण्यात अर्थ नाही, म्हणून मी तीन साध्या सूचना मांडते.

पहिली, आठवड्यातून एक दिवस आपल्या महाविद्यालयातली एक खोली संगीतासाठी उघडी ठेवावी. तेथे स्वरलिपी शिकवावी. ती पाश्चात्त्यच हवी असे नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि दरबारातले गाणे सामान्य माणसाच्या पाटीवर लिपीसह आणून ठेवले. तेच पलुस्कर पुढे नाशिकला येऊन राहिले होते. गोव्याच्या मेस्त्रीने जे चर्चच्या अंगणात केले ते पलुस्करांनी शाळा काढून केले. म्हणजे काम धर्माचे नाही, पद्धतीचे आहे. जो कोणी सगळ्यांना बसवून चिकाटीने शिकवील त्याच्या गावातून वादक निघतील.

दुसरी, त्या खोलीत शिकवायला कोण येईल हे धर्मावरून ठरवू नये. पावरीवाल्या म्हाताऱ्याने दम कसा धरायचा ते शिकवावे, प्रार्थनेतल्या मुलाने बोटे कशी ठेवायची ते शिकवावे, थाळकऱ्याने रात्रभर कथा कशी तोलायची ते शिकवावे. आणि मुलींना कोणत्याही वाद्यापासून दूर ठेवू नये.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, आपण विद्यार्थ्यांनी सुट्टीत आपापल्या पाड्यावरच्या चाली मुद्रित कराव्यात, जमेल तशा लिहून घ्याव्यात आणि प्रत्येक चालीच्या माथ्यावर वाजवणाऱ्याचे नाव, त्याचे गाव आणि तारीख लिहावी. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, बंधारे घालतो. ते चांगलेच आहे. एक दिवस हे करून पाहावे. खर्च एका वहीचा.

गुरुजनांना माझी एक नम्र विनंती आहे. पुढच्या स्नेहसंमेलनात कीबोर्ड आणि पावरी एकाच रंगमंचावर बसवावीत. त्यांचा सूर पहिल्या दिवशी जुळणार नाही. पावरीची पट्टी कीबोर्डच्या पट्टीला ऐकणार नाही, कुणाला तरी बसून ती जुळवावी लागेल. तेच तर गोन्साल्विस यांनी जन्मभर केले. दोन निराळ्या पट्ट्या जुळवण्याला कान लागतो, धीर लागतो, आणि समोरच्याचे ऐकून घेण्याची तयारी लागते. आज आपल्या गावांना या तिन्ही गोष्टींची गरज संगीताच्या बाहेरही आहे, असे म्हटले तर वावगे होऊ नये.

आणि कार्यक्रम संपल्यावर सूत्रसंचालकाने प्रमुख पाहुण्यांचे आभार मानण्याआधी वाजवणाऱ्यांची नावे घ्यावीत. पूर्ण नावे, गावासकट, माईकवरून, मोठ्याने.